मदत हवी आहे: लोकलहोस्टवर लॉगिन होतं, लॅनवरच्या मशीनवर होत नाही (जँगो)

मंडळी,

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाचं कॉम्प्युटरचं काम बघतो. हळदीचा सौदा झाला की शेतकऱ्याची पट्टी (विक्रीच्या हिशोबाची पावती) काढायला जँगोमध्ये (पायथॉन भाषेतली वेब-ॲप बनवायची चौकट) केलेलं छोटं ॲप आहे. इंटरनेटवर नाही. दुकानातल्याच एका विंडोज मशीनवर चालतं, आणि दिवाणजींचा आणि काट्यावरचा असे दोन कॉम्प्युटर लॅनवरून (दुकानातल्या आतल्या नेटवर्कवरून) ते उघडतात. पत्ता १९२.१६८.१.१०, पोर्ट ८०००, साधं एचटीटीपी.

ज्यांनी ॲप केलं त्यांनी परवा 'सुरक्षा वाढवली आहे' म्हणून नवीन फाइल्स पाठवल्या. त्या टाकल्यापासून भानगड सुरू. ते आता पुण्यात नोकरीला, फोन लागतो तो रात्री, तेव्हा दुकानाला कुलूप.

सर्व्हरच्याच मशीनवर लोकलहोस्ट (मशीनचा स्वतःपुरता पत्ता) टाकून उघडलं तर लॉगिन बिनतक्रार होतं. दिवाणजींच्या मशीनवर तेच नाव, तोच पासवर्ड घातला की पान क्षणभर हलतं आणि पुन्हा रिकामा लॉगिन फॉर्म समोर. एरर काही नाही. मुद्दाम चुकीचा पासवर्ड घातला तर मात्र तांबड्या अक्षरात 'पासवर्ड चुकीचा' येतं! म्हणजे शिक्षा खरं बोलणाऱ्यालाच.

सर्व्हरच्या काळ्या खिडकीत दिसतं ते असं: लॉगिनची पोस्ट (फॉर्म पाठवला) ३०२ (दुसऱ्या पानाकडे धाडलं), लगेच पट्टीच्या पानाची गेट (पान मागितलं) ३०२, मग लॉगिनची गेट २०० (पान दिलं).

कुकीज आणि कॅश साफ केली, क्रोम-फायरफॉक्स दोन्ही बघितले, कमांडने पासवर्डही बदलला. अलाउड होस्ट्समध्ये (ॲप कुठल्या पत्त्यांवर चालू द्यायचं त्या यादीत) पत्ता आहे. फायरवॉल नसावी, कारण पान तर उघडतंय. सौदे जोरात आहेत, एका मशीनपुढे रांग लागते आणि दिवाणजी कार्बन घालून हाताने पट्ट्या लिहितायत. कुठे बघू?

वारणाकाठ: डेटाबेस करप्ट झाला असेल. मायग्रेट (डेटाबेसची रचना ताजी करायची कमांड) मारून बघा, नाहीतर नवीन युजर करा.

धागाकर्ता: मग लोकलहोस्टवर तोच युजर कसा शिरतो? डेटाबेस एकच आहे. सौदे चालू असताना त्याला हात लावायची हिंमत नाही.

शून्यएक: डेटाबेसला हात लावूच नका. तुमच्या त्या तीन ओळींतच उत्तर आहे. पहिला ३०२ म्हणजे पासवर्ड पटला, जँगोने आत घेतलं आणि सेशनची कुकी (ब्राउझरने जपायची ओळखचिठ्ठी) दिली. दुसरा ३०२ म्हणजे पुढच्या पानाला ती कुकी पोचलीच नाही, म्हणून तुम्ही अनोळखी ठरलात.

सेटिंग्जच्या फाइलमध्ये 'सेशन कुकी सिक्युअर' (सगळी कॅपिटल, मध्ये अंडरस्कोअर) ट्रू केलेलं असणार. अशी कुकी ब्राउझर एचटीटीपीएसवरूनच (एचटीटीपीचं कुलूपबंद रूप) स्वीकारतो. साध्या एचटीटीपीवर आली तर ठेवतच नाही. लोकलहोस्टला क्रोम आणि फायरफॉक्स सूट देतात, म्हणून तिथे चालतं. 'सीएसआरएफ कुकी सिक्युअर' (खोटे फॉर्म अडवणाऱ्या कुकीसाठी तसंच सेटिंग) बहुतेक फॉल्सच राहिलंय, नाहीतर तुम्हाला थेट ४०३ (मनाई) दिसला असता.

खात्री करायची तर दिवाणजींच्या क्रोममध्ये एफ१२, नेटवर्क, लॉगिनची पोस्ट, तिथे कुकीज. सेशनच्या कुकीजवळ इशाऱ्याचा त्रिकोण असेल.

आजच्यापुरतं फॉल्स करा आणि सर्व्हर बंद करून चालू करा. पण ज्यांनी ट्रू केलं त्यांचं तत्त्वतः चुकलेलं नाही. साध्या एचटीटीपीवर पासवर्ड उघडाच जातो. सवडीने मेकसर्टने (घरगुती सर्टिफिकेट बनवायचं टूल) एचटीटीपीएससाठी सर्टिफिकेट काढा, मेकसर्टचं रूट सर्टिफिकेट दोन्ही मशीनना विश्वासू म्हणून ओळखीचं करून द्या आणि जँगोपुढे कॅडी (एचटीटीपीएस सांभाळणारा वेब सर्व्हर) बसवा. जँगो ४.० किंवा पुढचं असेल तर 'सीएसआरएफ ट्रस्टेड ओरिजिन्स'मध्ये पत्ता एचटीटीपीएससकट लिहा, नाहीतर तेव्हा ४०३ येऊन बसेल.

धागाकर्ता: त्रिकोण होता! फॉल्स केलं, दिवाणजी आत गेले, काट्यावरचंही चालू झालं. कॅडीचं सौदे नसतील त्या दिवशी बघतो. वायफायचा पासवर्ड मात्र आजच बदलतोय, तो निम्म्या यार्डाला पाठ आहे.