घरच्या बिअरसाठी बाटल्या: काचेच्या, प्लास्टिकच्या की फेणीच्या रिकाम्या?

पर्वरीकर
नमस्कार मंडळी. वीस लिटरच्या पाण्याच्या कॅनमध्ये पहिल्यांदाच बिअर लावली आहे. बुडबुडे मंदावलेत, म्हणजे लवकरच बाटल्या भराव्या लागतील. घरात फेणीच्या, व्हिस्कीच्या रिकाम्या बाटल्या ढीगभर आहेत. म्हापशाला भंगारवाल्याकडे बिअरच्या मिळतात. बायको म्हणते, सोड्याच्या प्लास्टिकच्या वापर. शिवाय मामाकडे गोटी सोड्याच्या जुन्या बाटल्यांचा क्रेट पडून आहे, दिसायला फार सुंदर. काय घेऊ?

सांखळीची माई
बाब, फेणी-व्हिस्कीच्या आधी बाजूला काढ. त्या दारूला दाब नसतो, त्यामुळे काचही दाबाच्या हिशेबाने केलेली नसते. चौकोनी बाटली तर कोपऱ्यातच तडकते. आमच्या वडिलांची सोडा फॅक्टरी होती. बाटली फुटली की काच कुठवर उडते ते मी लहानपणापासून पाहिलंय, म्हणून एवढं कळकळीने सांगते.

तुला हवी ती साडेसहाशे मिलीची तपकिरी बिअरची बाटली, पत्र्याचं झाकण ठोकायची. वीस लिटरला तीसेक लागतात. हिरवी किंवा पांढरी नको. उजेड लागला की हॉप्सचा (बिअरला कडूपणा देणारी फुलं) कडूपणा बिघडून उग्र वास सुटतो, तपकिरी काच तो उजेड बराच अडवते. झाकण पिळून उघडायचं असतं त्या आट्यांच्या बाटल्याही सोड, त्यांच्यावर हाताच्या यंत्राने झाकण घट्ट बसत नाही.

भंगारवाल्याकडे घाई करू नकोस. एकेका बाटलीच्या तोंडावरून नख फिरव. टवका उडालेला असेल तर नख अडकतं. मग ट्यूबलाइटसमोर धरून गोल फिरव. खांद्यावर आणि बुडाशी पांढरट पट्टा दिसेल. कंपनीत पुन्हा पुन्हा भरताना बाटल्या एकमेकींना घासतात, त्याचा तो. पुसट असला तर चालतो, बोटाला खरखरीत लागला तर ती तिथेच ठेव. आत टॉर्च मारून बूड बघ, आणि वास घे. रॉकेल किंवा थिनरचा वास आला तर धूत बसू नकोस, परत दे.

घरी आणल्यावर धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात रात्रभर बुडव, लेबलं सुटून येतात. मग ब्रश, साधं पाणी, आणि भरायच्या आधी निर्जंतुक करणं आलंच. गार बाटलीत उकळतं पाणी ओतायचं नाही, तडकते.

बेतोड्याचा दादा
माईंचं पटलं, पण पहिल्या खेपेला वहिनींचंही थोडं ऐका. सोड्याची प्लास्टिक बाटली दाबासाठीच केलेली असते. (पाण्याची घेऊ नका, ती पातळ.) मी दर खेपेला एक तरी प्लास्टिकची भरतो. बाहेरून दाबून बघायची, दगडासारखी कडक लागली की बाकीच्या काचेच्याही तयार. मात्र महिनोन्‌महिने ठेवायच्या बिअरला प्लास्टिक नको, हवा हळूहळू आत शिरते. आणि ठेवायची कपाटात, अंधारात.

पर्वरीकर
दोघांचेही आभार. गोटीच्या बाटलीचं राहिलं. आणि साखर किती घालू?

सांखळीची माई
गोटीची बाटली यंत्रावर उलटी करून दाबाने भरतात, तेव्हा गोटी तोंडातल्या रबरी कड्यावर जाऊन बसते. तुझ्या बिअरला भरताना दाब नसतोच, तो मागाहून बाटलीतच तयार होतो. तोवर तोंड बंद कोण ठेवणार? त्या मानेत ब्रशही धड फिरत नाही. शोकेसमध्ये ठेव.

बाटलीत वायू तयार व्हायला साखर लिटरला सहा ग्रॅम. सगळी एकदम थोड्या पाण्यात उकळ, गार कर आणि सगळ्या बिअरमध्ये मिसळ. बाटलीबाटलीत चमच्याने घातलीस की कुठे कमी, कुठे जास्त. पण त्याआधी हायड्रोमीटर लाव, म्हणजे बिअरमध्ये तरंगत ठेवून तिची घनता मोजायची काचेची नळी. बुडबुडे थांबले एवढ्यावर जाऊ नकोस. दोन-तीन दिवस आकडा तोच राहिला पाहिजे. आंबायची साखर आत उरली असेल तर निवडून आणलेली बाटलीही फुटते.

वर इंचभर जागा सोड. आपल्याकडच्या उकाड्यात आठ-दहा दिवसांत वायू भरतो. तेवढे दिवस बाटल्या झाकण असलेल्या खोक्यात, वर गोणपाट, आणि पोरांचा हात पोचणार नाही अशा जागी. मग एक गार करून उघडून बघ, बरोबर वाटली तर जमतील तेवढ्या फ्रिजमध्ये टाक.