मूत्राशयात गरम मायटोमायसिन: पंप मध्येच थांबतो, काय पाहावं?

प्रश्न: मूत्राशयाच्या स्नायूपर्यंत न पोचलेला, मध्यम जोखमीचा कर्करोग. ४० मिलीग्रॅम मायटोमायसिन (कर्करोगाचं औषध) ४३ अंश सेल्सिअसला तापवून, ६० मिनिटं पंपाने मूत्राशयात फिरवतो. यंत्र वारंवार प्रवाह अडल्याचा अलार्म देतं. शिवाय, नुसत्या थंड (न तापवलेल्या) औषधापेक्षा फायदा खरंच आहे का?

उत्तर १: आधी यंत्राच्या नळीतली हवा आणि कॅथेटरची (मूत्राशयात घातलेल्या नळीची) घडी तपासा. तिथे काही नसेल तर बहुधा मूत्राशय आवळतंय. त्याची भिंत कॅथेटरच्या छिद्रांवर बसते आणि प्रवाह बंद पडतो. जोर लावून औषध ढकलू नका. प्रवाह कमी करा, कॅथेटर किंचित फिरवा. पुढच्या वेळी ऑक्सिब्युटिनिन (मूत्राशयाचं आवळणं कमी करणारं औषध) आधीच द्या. काचबिंदू किंवा लघवी तुंबण्याचा त्रास असेल तर मात्र ते टाळा. सुरुवातीला मूत्राशय पूर्ण रिकामं हवं, उरलेली लघवी औषध पातळ करते.

उत्तर २: त्यात भर: लघवी आम्लधर्मी असेल तर मायटोमायसिन निकामी होतं, म्हणून आधी सोडियम बायकार्बोनेट द्या. जंतुसंसर्ग, ठळक रक्तस्राव किंवा मूत्राशयाला छिद्र पडल्याची शंका असेल तर त्या दिवशी उपचार नकोच. तळहातांवर पुरळ आलं तर ॲलर्जी समजून पुढचे डोस थांबवा.

उत्तर ३: फायद्याबद्दल. उष्णतेने पेशींचं आवरण सैल होतं, औषध खोल मुरतं, डीएनए-दुरुस्ती मंदावते. हे पटण्याजोगं आहे. पण मध्यम जोखमीच्या रुग्णांवरील हायव्हेक-२ चाचणीत २४ महिन्यांनी थंड मायटोमायसिनपेक्षा सरस निकाल दिसला नाही. रुग्णाला हे आधीच स्पष्ट सांगायला हवं.