व्हॉयझी खरेच आधुनिक होते का?

इंग्लिश वास्तुविशारद चार्ल्स व्हॉयझी (१८५७–१९४१) यांना अनेकदा आधुनिक वास्तुकलेचे अग्रदूत म्हटले जाते. हे बिरुद त्यांना स्वतःला मुळीच रुचले नव्हते, म्हणून थोडे लिहितो. १८९८ मध्ये इंग्लंडमधील विंडरमिअर तलावाकाठी बांधलेले 'ब्रॉडलीज' हे घर किंवा स्वतःच्या कुटुंबासाठी चोर्लीवुड येथे उभारलेले 'द ऑर्चर्ड' पाहिले, की पांढऱ्या खरबरीत गिलाव्याच्या भिंती, खालपर्यंत उतरलेले छप्पर आणि आडव्या ओळीत बसवलेल्या खिडक्या यांमुळे हा गैरसमज का झाला, ते कळते. पण त्या गिलाव्यामागे कोणतीही क्रांती नव्हती. वीटकामाच्या पातळ भिंतीतून पाऊस झिरपू नये आणि खर्चही आटोक्यात राहावा, इतका तो साधा हिशेब होता, आणि अशा भिंतींना आधार म्हणून त्यांनी बाहेरून तिरपे धिरे दिले. दरवाजाच्या लांबलचक लोखंडी बिजागरीचे टोक मात्र ते हौसेने बदामाच्या (हृदयाच्या) आकाराचे करीत. (यंत्रयुगाच्या प्रेषिताला ही हौस शोभेल का?)

पहिल्या महायुद्धानंतर घरांची कामे जवळजवळ आटली आणि चरितार्थाचा भार मुख्यतः वॉलपेपर व कापडाच्या नक्षीकामावर आला. ब्रिटिश वास्तुविशारदांच्या 'रॉयल इन्स्टिट्यूट' या संस्थेने सुवर्णपदक दिले ते १९४० मध्ये, म्हणजे वयाच्या त्र्याऐंशीच्या सुमारास. माझ्या मते हा मान किमान तीस वर्षे उशिरा मिळाला.