मदत हवी आहे: आईच्या सांध्याभोवतीचं हाड विरघळतंय म्हणे, असं का होतं?

रेवा_के: आईचा सांधा बदलून बरीच वर्षं झाली, मस्त चालत होती, आता एक्स-रेत कपाच्या मागे काळे डाग दिसतायत आणि डॉक्टर म्हणाले प्लास्टिक झिजलं, कण पेशींनी खाल्ले, त्यामुळे हाड गेलं, परत ऑपरेशन करावं लागेल. प्लास्टिकने हाड कसं जातं? प्रतिकारशक्ती कमी करायची गोळी देऊन थांबणार नाही का? प्लीज लवकर सांगा, सोमवारी कळवायचंय.

कोथरूडकर: गुडघा की खुबा? साल कुठलं? दुखतंय का?

आबा७२: माझ्या दोन्ही गुडघ्यांना १२ वर्षं झाली, रोज पर्वतीच्या पायथ्यापर्यंत जाऊन येतो. आईंना मांडी घालू देऊ नका, कमोड बसवून घ्या.

रेवा_के: खुबा हो, कप म्हणजे खुब्याची कृत्रिम वाटी, लिहिलंय ना! २००४. मांडीत दुखतं, जिना चढताना जास्त.

शार्दूल: मेटल ॲलर्जी असणार. पॅच टेस्ट करा, माझ्या मावशीला तेच निघालं.

स्लाइडवाली: शार्दूल, ते वेगळं. धातूवर धातू घासणाऱ्या सांध्यात लिंफोसाइट, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी, भडकतात, इथे प्लास्टिक आहे. रिव्हिजनमध्ये, म्हणजे परत केलेल्या ऑपरेशनमध्ये, काढलेला टिश्यू मी मायक्रोस्कोपखाली बघते, पोलराइज्ड लाइट टाकला की पेशींच्या पोटात पॉलिथिलीनचे, म्हणजे त्याच प्लास्टिकचे, कण लखलखतात. या पेशी म्हणजे मॅक्रोफेज, कचरा गिळणाऱ्या, पण प्लास्टिक त्यांना पचत नाही, मग त्या टीएनएफ, इंटरल्युकिन अशी सूज आणणारी रसायनं सोडत राहतात आणि त्याने हाड खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट कामाला लागतात. एक मायक्रॉनहून बारीक कण सगळ्यात त्रासदायक. पूर्वी सांधा हाडात बसवायच्या सिमेंटलाच दोष द्यायचे, 'सिमेंट डिसीज' म्हणायचे, मग सिमेंट न लावलेल्या सांध्यांतही हेच दिसलं.

शार्दूल: पण मावशीलाही प्लास्टिकचाच कप होता!

स्लाइडवाली: तिचे रिपोर्ट बघितल्याशिवाय मी काही बोलणार नाही. रेवा, हे थांबवेल असं सिद्ध झालेलं औषध अजून नाही आणि प्रतिकारशक्ती दाबली तर इन्फेक्शनची भीती. सीआरपी, ईएसआर या इन्फेक्शन-सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या केल्या का? सांध्यातलं पाणी तपासलं?

रेवा_के: सीआरपी नॉर्मल आहे. पाण्याचं कोणी बोललंच नाही. रिपोर्टमध्ये 'कप पक्का' असं लिहिलंय.

कोथरूडकर: अहो हे आधी सांगायचं ना! कप खरंच पक्का असेल तर काही वेळा नुसतं लायनर (कपातलं प्लास्टिकचं अस्तर) आणि बॉल बदलून, पोकळीत बोन ग्राफ्ट (हाडाचा भराव) भरून भागतं. नवं लायनर क्रॉस-लिंक्ड (रेणू एकमेकांना जोडून टिकाऊ केलेलं प्लास्टिक) आहे का विचारा, ते खूप कमी झिजतं. माझ्या वडिलांचं असंच केलं.

स्लाइडवाली: आधी इन्फेक्शन नाही ना ते पक्कं करा, मग लायनरचं.

आबा७२: तोवर जिना बंद. काठी घ्यायला लावा, दुखऱ्या बाजूच्या उलट हातात.

रेवा_के: काठी ती त्याच हातात धरते! आत्ताच सांगते. सोमवारी पाण्याचं आणि लायनरचं दोन्ही विचारते.