इंदूरजवळच्या घाटातल्या कालाकुंड स्टेशनला रोजची गाडी नाही, सहलीची आहे. याला वारसा म्हणायचं?

रामबागवाला: पावसाळ्यात भाचरांना घेऊन पातालपानी-कालाकुंड हेरिटेज गाडीने गेलो. डबाभर सेल्फ्या. कालाकुंडला उतरायचं, पळसाच्या पानावरचा कलाकंद खायचा, परत. १८७० साली दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी खंडवा-इंदूर लाइनसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये दिले, त्यातून घाटातले हे बोगदे आणि पूल झाले, याचं कोणाला काही पडलेलं नाही. २०२३ च्या सुरुवातीला महू-ओंकारेश्वर रोड ही मीटरगेज, म्हणजे अरुंद रुळांची लाइन बंद झाली, घाटातल्या लोकांची रोजची गाडी गेली. उरली ती आपल्या सहलीपुरती. निदान एक फेरी साध्या तिकिटात गावकऱ्यांसाठी चालवा.

जेलरोडकर: दिले नाहीत हो, कर्जाऊ दिले! साडेचार टक्के व्याज, मुदत १०१ वर्षं. महाराज हिशेबी होते, आणि तुम्ही रिकामे डबे चालवायला सांगताय. १:४० चा चढ आहे तो, चाळीस फुटांमागे एक फूट. वर येताना मागून दुसरं इंजिन लावावं लागायचं. नवी ब्रॉडगेज, रुंद रुळांची लाइन, घाट टाळून वळसा घेतेय ती याच चढापायी. सहलीची गाडी २०१८ च्या डिसेंबरात सुरू झाली म्हणून तेवढे रूळ तरी वाचले, नाहीतर गेले असते भंगारात.

अकोल्याची माहेरवाशीण: मागच्या इंजिनाचा धक्का बसला की आई म्हणायची, "चला, इंदूर आलं." खरं तर अजून पातालपानीही यायचं असायचं. मीनाक्षी एक्सप्रेसने अकोल्याहून थेट यायचो, मध्ये उतरणं नाही. आता माहेरी जायचं म्हणजे आधी खंडव्यापर्यंत बस. मला ना वारसा हवा ना कलाकंद, ब्रॉडगेज लवकर करा.

रामबागवाला: ताई, ब्रॉडगेजला माझी ना नाही. पण ती कालाकुंडला येणार नाही. अकोल्याची सोय झाली म्हणून कालाकुंडच्या माणसाची होते का?

जेलरोडकर: त्याला बस द्या. रेल्वेपेक्षा स्वस्त पडेल.

रामबागवाला: रस्ता पाहिलाय का तिथला, पावसात?

जेलरोडकर: नाही. मी पण गाडीनेच गेलो होतो. कलाकंद मात्र फर्स्टक्लास, भिया.