सिलिंड्रिकल नंबर असताना पिस्तुलावर कोणता रेड डॉट? मदत हवी आहे

वय साठीकडे झुकलंय. ९ एमएम पिस्तुलाची पुढची साइट (नेम धरायची खूण) धूसर दिसते, लांबचं मात्र चष्म्याने स्वच्छ दिसतं. रेड डॉटमध्ये, म्हणजे काचेत उजळ ठिपका दाखवणाऱ्या साइटमध्ये, नजर लक्ष्यावरच ठेवायची असते, म्हणून तोच घ्यायचं ठरवलंय. अडचण सिलिंड्रिकल नंबरची आहे.

रेंजवर इतरांचे साइट वापरून पाहिले. ३ एमओएच्या (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग, ठिपक्याचा आकार यात मोजतात) लाल ठिपक्याला मला धूमकेतूसारखी शेपटी दिसते. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून तोच ठिपका अगदी गोल, म्हणजे साइट ठीक आहे. ब्राइटनेस कमी केला की शेपटी आखडते, पण भर उन्हात ठिपकाच हरवतो. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात मान वरखाली करावी लागते, त्यामुळे रेंजवर फक्त लांबच्या नंबरचा चष्मा घालतो.

स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) अशी साइट बसवण्यासाठी कापलेली आहे. वापर फक्त कागदी लक्ष्यावर, १० ते २५ मीटर. ६ एमओएचा ठिपका २५ मीटरवर साधारण साडेचार सेंटिमीटर झाकतो, तेवढं मला चालेल. प्रिझम साइट (आत प्रिझम असलेली, छोट्या दुर्बिणीसारखी) कृपया सुचवू नका, त्याला डोळा जवळ लागतो.

ज्यांना सिलिंड्रिकल नंबर आहे त्यांनीच सांगावं: मोठा ६ एमओएचा ठिपका, हिरवा ठिपका की ३२ एमओएचं वर्तुळ, नेमका कशाने फरक पडला? आणि तुमचा नंबर किती आहे?