पाकिटावर ‘व्हायरस प्रतिकारक’ लिहिलंय, तरी खरबुजाचे शेंडे आवळले. असं का?

वेलकरी:
नमस्कार मंडळी. या हंगामात मुद्दाम महागाचं संकरित बियाणं घेतलं, कारण पाकिटावर ‘व्हायरस प्रतिकारक’ छापलंय. फुलावर येईपर्यंत वेलांना छान काळोखी होती. मग शेंड्याची पानं आखडली, कडा वर वळल्या, शिरांमध्ये पिवळे चट्टे आले, पेरं आखूड पडली. नवीन फळ धरत नाही, धरलं तर खडबडीत. विक्रेता म्हणतो तुमची फवारणी कमी पडली. मागे बारीक अक्षरात ‘एचआर: एमएनएसव्ही, आयआर: एजी’ एवढंच आहे. याचा अर्थ काय? आणि या फळांचं बी धरलं तर प्रतिकार पुढे टिकेल का?

रोपवाला:
सकाळी शेंड्याची पानं उलटून बघा. पांढरी माशी असणार. वर्णन टोमॅटो लीफ कर्ल न्यू दिल्ली व्हायरसशी जुळतंय. नावात टोमॅटो असला तरी खरबूज, काकडी, दोडका काही सोडत नाही. नुसत्या नजरेवर जाऊ नका, पानं देऊन पीसीआर, म्हणजे विषाणू ओळखणारी प्रयोगशाळेतली तपासणी, करून घ्या.

बीजपैदासकार:
मी वेलवर्गीय पिकांच्या पैदाशीत काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या पाकिटावरचे दोन्ही दावे खरे असू शकतात, आणि तुमच्या वेलांना त्यांचा काडीचा उपयोग नाही, हेही खरं. एचआर म्हणजे उच्च प्रतिकार, आयआर म्हणजे मध्यम. एमएनएसव्ही हा पानांवर करपल्यासारखे ठिपके पाडणारा विषाणू, तो जमिनीतल्या एका बुरशीसोबत मुळांतून शिरतो. एजी हा विषाणूच नाही, ते कपाशीवरच्या माव्याचं संक्षिप्त नाव. पांढऱ्या माशीतून येणाऱ्या रोगाचं या ओळीत नावच नाही. ‘व्हायरस प्रतिकारक’ असं मोघम छापणं मला अजिबात पटत नाही. कोणत्या विषाणूला, हे समोरच्या बाजूला मोठ्या अक्षरात यायलाच हवं.

माव्याविरुद्धचं जनुक म्हणजे व्हॅट. या माव्याने सोंड खुपसली की वेल तिथेच सावध होतो आणि त्याच सोंडेतून आलेला विषाणूही अडतो. पण तोच विषाणू दुसऱ्या जातीच्या माव्याने आणला, तर वेल सरळ आजारी पडतो. पहारा विषाणूवर नाही, आणणाऱ्यावर आहे.

एमएनएसव्हीचं जनुक एनएसव्ही. विषाणूला स्वतःची प्रथिनं बनवायला वेलातलं एक प्रथिन लागतं. प्रतिकारक वेलात त्या प्रथिनातलं एकच अमिनो आम्ल बदललेलं असतं, तेवढ्याने विषाणूचं काम अडतं. हे 2006 मध्ये उलगडलं. तरीही या विषाणूचा 264 नावाचा प्रकार त्यावर मात करतो.

वेलकरी:
ताई, पानाखाली माशी भरपूर आहे. नमुना आजच देतो. बियांचं राहिलं.

बीजपैदासकार:
हो. एनएसव्ही अप्रभावी आहे. साधी प्रत एक जरी असली तरी विषाणूचं भागतं, म्हणून आई आणि बाप दोन्ही ओळींत ते असावंच लागतं. त्यामुळे आपसांतच परागीकरण झालं असेल तर पुढच्या पिढीत ते टिकेल. व्हॅट प्रभावी आहे, म्हणजे त्याची एक प्रतही पुरते, म्हणून ते बहुतेकदा एकाच पालकाकडून येतं. तसं असेल तर साधारण चारातला एक वेल त्याविना निघेल. शिवाय फळाचा आकार, सालीवरची जाळी, गोडी सगळं विस्कळीत होईल. संकरित वाणाचं बी धरू नका, आणि आजारी वेलाचं तर नकोच.

रोपवाला:
ताई, मग या न्यू दिल्ली व्हायरसला जनुक आहे की नाही?

बीजपैदासकार:
आहे. भारतातल्या रानटी खरबुजात सापडलंय, डब्ल्यूएम-7 नावाच्या नमुन्यात. मुख्य भाग 11व्या गुणसूत्रावर, बाकी थोडी मदत 2 आणि 12 वरून. 2012 मध्ये हा विषाणू स्पेनमध्ये पोचला, तेव्हापासून या शोधाला वेग आला. पण रानटी वेलातून ते गोड फळात आणायचं म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या उलटसंकर, म्हणजे चांगल्या वाणाशी पुन्हा पुन्हा संकर, करून नको ते गुण गाळावे लागतात. म्हणून बांधाबांधावरची रानटी खरबुजं नष्ट होताना बघून जीव तुटतो.

तोवर पुढच्या लागवडीला रोपवाटिकेपासून कीटकरोधक जाळी, फुलं येईपर्यंत वेलांवर क्रॉप कव्हर, आणि सुरुवातीला दिसलेले रोगट वेल उपटून शेताबाहेर. बियाणं घेताना विषाणूचं पूर्ण नाव विचारा, आणि त्यापुढे एचआर आहे की आयआर तेही.